राज्य न लाभलेला सम्राट

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. तेथे डॅन्यूब नदीच्या काठी उभ्या असलेल्या संसदभवनाच्या घुमटाखाली एक प्राचीन राजमुकुट जपून ठेवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो अमेरिकेच्या ताब्यात गेला, 1978 साली मायदेशी परतला आणि 2000 सालापासून या भवनात विराजमान झाला. त्याचा खालचा पट्टा ग्रीक कारागिरांच्या हातचा आहे. पट्ट्याच्या मागील अंगास सोन्याच्या पत्र्यावर मीनाकामाने काढलेल्या तीन राजप्रतिमा आहेत. वरच्या बाजूस बायझन्टाइन सम्राट मायकेल सातवा. त्याच्या खाली एका बाजूस कॉन्स्टन्टाइन व दुसऱ्या बाजूस हंगेरीचा राजा गेझा पहिला. हा मुकुट सम्राटाकडून राजाला गेलेली भेट होती आणि ती देताना पायरी कोणाची कोणती हे विसरले जाऊ नये अशी व्यवस्था केलेली होती. सम्राटांच्या मस्तकांमागे प्रभावलय आहे, राजाच्या मागे नाही. सम्राटांची नावे तांबड्या अक्षरांत, राजाचे नाव निळ्या अक्षरांत.

या चित्रातील कॉन्स्टन्टाइन म्हणजे मायकेलचा भाऊ होय, असे काही अभ्यासक मानतात. परंतु बहुतेकांच्या मते तो मायकेलचा मुलगा, सहसम्राट कॉन्स्टन्टाइन डूकास आहे. गेझाने 1074 ते 1077 पर्यंत राज्य केले. म्हणजे ही प्रतिमा घडविली गेली तेव्हा हा सहसम्राट पाळण्यात तरी असेल किंवा नुकता चालू लागला असेल! ज्याला स्वतःचे नाव उच्चारता येत नव्हते, त्याचे नाव तांबड्या अक्षरांत परदेशी गेले होते. या मुलाच्या एकवीस-बावीस वर्षांच्या आयुष्याची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे. त्याने एकही लढाई जिंकली नाही, एकही कायदा केला नाही आणि एक दिवसही राज्य चालविले नाही. तरीही त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. का, ते शेवटी आपले आपणच ठरवावे.

प्रथम या 'सहसम्राट' पदाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही या साम्राज्याची राजधानी. तेथील लोक स्वतःस रोमनच म्हणवीत. बायझन्टाइन हे नाव पुढील काळातील इतिहासकारांनी दिलेले. या साम्राज्यात बापामागून मुलाने गादीवर बसावे असा लेखी कायदा कधीच नव्हता. सैन्य, राजसभा आणि नगरातील प्रजा यांनी ज्याचा जयघोष केला तो सम्राट. एखादा पराक्रमी सेनापती राजधानीत शिरला आणि लोकांनी त्याचा जयजयकार केला की कालचा सम्राट आज मठात जाई. अशा स्थितीत आपल्या मुलाचा हक्क पक्का करण्याचा एकच उपाय बापाच्या हाती असे. आपण हयात असतानाच मुलाच्या मस्तकी मुकुट ठेवावयाचा, आपल्या नावाबरोबर त्याच्याही नावाचा जयघोष करवावयाचा आणि त्याच्या पायांत किरमिजी जोडे घालावयाचे.

हे किरमिजी जोडे आपण ध्यानात ठेवावेत. मुकुट सणासमारंभाला डोक्यावर चढे. जोडे मात्र रोजचे. त्या रंगाचे जोडे घालण्याचा अधिकार सम्राटावाचून कोणास नव्हता. बंडखोर सेनापतीने बंडाचा पहिला उच्चार करावयाचा तो हे जोडे पायांत चढवून. आमच्या या राजपुत्राची सारी जीवनकथा या जोड्यांच्या चढण्या-उतरण्यात सामावलेली आहे.

कॉन्स्टन्टाइनचा जन्म 1074 च्या सुमाराचा. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या राजवाड्यात जांभळट तांबड्या दगडाने मढविलेले, समुद्राकडे तोंड असलेले एक दालन होते. राज्यावर असलेल्या सम्राटाच्या राणीने तेथेच प्रसूत व्हावे असा रिवाज असे आणि अशा अपत्यास 'पॉर्फिरोजेनेटस', म्हणजे किरमिजी दालनात जन्मलेला, हे बिरुद मिळे. कॉन्स्टन्टाइनला ते जन्मतःच मिळाले. त्याची आई मारिया ही जॉर्जियाचा राजा बग्रात चौथा याची कन्या. तिच्या सौंदर्याची वाखाणणी त्या काळच्या सर्व लेखकांनी केलेली आहे.

मुलगा भाग्याने किरमिजी दालनात आला, परंतु त्याच्या वाट्याचे साम्राज्य खचत चालले होते. 1071 साली दोन आघात एकाच वर्षी झाले. इटलीतील शेवटचे ठाणे बारी हे नॉर्मन लोकांनी घेतले आणि पूर्वेस मांझिकर्टच्या रणांगणावर सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने सम्राट रोमानस डायोजिनीस याला कैद केले. सुलतानाने त्याला सन्मानाने सोडले. स्वकीयांनी मात्र 1072 साली त्याचे डोळे काढले आणि त्या जखमांनीच तो मेला. रोमानसच्या जागी आलेला मायकेल सातवा हा आमच्या कथानायकाचा पिता. तो विद्याव्यासंगी होता, पण राज्य राखण्याचा वकूब त्याच्या अंगी नव्हता. सोन्याचे नाणे हिणकस झाले, धान्य महागले. पूर्वी एका मोहोरेस जेवढे गहू मिळत त्यात आता पाव माप कमी भरू लागले, तेव्हा लोकांनी सम्राटाला 'पाव-उणा' अशा अर्थाचे नाव दिले. इतिहासात तो आजही 'पॅरापिनासीस' या त्याच नावाने ओळखला जातो. बाजारातली थट्टा राजाच्या नावाला कायमची चिकटली.

साम्राज्याला सैन्य हवे होते. इटलीतील नॉर्मन सरदार रॉबर्ट गिस्कार याच्यापाशी ते होते. तेव्हा मायकेलने 1074 साली सुवर्णमुद्रा लावलेले करारपत्र करून दिले आणि आपल्या तान्ह्या मुलाची सोयरीक गिस्कारच्या मुलीशी जुळविली. ती मुलगी कॉन्स्टॅन्टिनोपलला आली. तिला हेलेना हे ग्रीक नाव मिळाले. मुलाचे वय काही महिन्यांचे, आणि त्याच्या नावावर एक साम्राज्य, एक सैन्य आणि एक वधू जमा झाली होती.

त्याच सुमारास मायकेल सेलॉस या विख्यात पंडिताने आपल्या इतिहासग्रंथात या बालकाचे वर्णन केले. सेलॉस हा सम्राटाचा गुरू आणि दरबारातील मुरलेला मुत्सद्दी. असे पार्थिव सौंदर्य आपण कधी पाहिले नाही असे तो सांगतो. वर्तुळासारखा रेखीव चेहरा, मोठे शांत निळे डोळे, सरळ भुवया, सोनेरी केस. दरबारी लेखणीने राजपुत्राची स्तुती करावी यात नवल नाही. पण लक्षात ठेवा, हे त्या मुलाचे पहिले शब्दचित्र. दुसरे चित्र फार वर्षांनी, एका स्त्रीच्या हातून काढले जावयाचे होते.

1078 साली नायसेफोरस बोटानिएटीस या वृद्ध सेनापतीने बंड केले. मायकेलने प्रतिकार न करता राज्य सोडले आणि संन्यास घेऊन तो स्टूडियस मठात गेला. पुढे तो इफिससचा धर्माध्यक्ष झाला. राणी मारियापुढे दोन वाटा होत्या. मुलाला घेऊन निघून जावे, किंवा नव्या सम्राटाची राणी होऊन राजवाड्यातच राहावे. पती हयात असताना दुसरा विवाह करणे हे धर्मनियमांस सोडून होते; लोकनिंदा ठरलेली होती. मारियाने ती निंदा पत्करली. मुलाचा हक्क शाबूत राहावा, एवढीच त्यामागे आशा होती.

या वेळी कॉन्स्टन्टाइन चार वर्षांचा होता. पुढील प्रसंग मोठा लक्षणीय आहे. बाप पदच्युत होताच या मुलाने आपले किरमिजी जोडे आपणहून काढले आणि साधे काळे जोडे घातले, अशी नोंद आहे. चार वर्षांच्या मुलास ही समज कोठून येणार? त्यामागे आईची सावधगिरी असणार हे उघड आहे. नको त्या वेळी नको तो रंग पायांत असणे म्हणजे जिवाशी खेळ. नव्या सम्राटाला मुलाची कीव आली. काळे जोडे काढ, असे त्याने सांगितले आणि रंगीबेरंगी रेशमी जोडे घालण्याची परवानगी दिली. संपूर्ण किरमिजी मात्र नव्हेत! इतर रंगांच्या मधून किरमिजी रंगाचे थोडे ठिपके दिसले तर हरकत नव्हती. सत्तेची मापे किती बारकाईने मोजली जात ते पाहा. मुलाला पूर्ण नाकारावयाचे नव्हते, पूर्ण मान्यही करावयाचे नव्हते. म्हणून ठिपक्यांपुरता राजपुत्र.

मारियाची आशा मात्र फळास आली नाही. बोटानिएटीस आपल्या मागे स्वतःच्याच एका आप्ताला गादी देण्याच्या विचारात आहे असे दिसू लागले. तेव्हा तिने कॉम्नेनस घराण्यातील दोघा तरुण सेनापतींकडे दृष्टी वळविली. थोरला आयझॅक हा तिच्या चुलत बहिणीचा पती होता. धाकट्या अ‍ॅलेक्सियसला तिने विधिपूर्वक दत्तक पुत्र करून घेतले. दत्तकविधानाने रक्ताबाहेरचे नाते किती बळकट होते, हे संस्थानी मुलुखांत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावयास नको. या दत्तकामुळे अ‍ॅलेक्सियस राजवाड्यात मोकळेपणाने येऊ-जाऊ लागला. आणि 1 एप्रिल 1081 रोजी हाच दत्तकपुत्र सैन्य घेऊन राजधानीत शिरला. म्हातारा बोटानिएटीस मठात गेला. 4 एप्रिलला अ‍ॅलेक्सियसचा राज्याभिषेक झाला.

मारिया सात वर्षांच्या मुलाला घेऊन राजवाड्यातच होती. नगरात कुजबुज सुरू झाली. नवा सम्राट आपली पत्नी आयरीन हिला टाकून मारियाशी विवाह करणार, असे लोक बोलू लागले. आयरीन ही डूकास घराण्यातलीच, आणि त्या घराण्याच्या पाठिंब्यावाचून अ‍ॅलेक्सियसला राज्य लाभले नसते. आयरीनचा अभिषेक पतीनंतर सात दिवसांनी झाला. मारियाने मग राजवाडा सोडण्याचे कबूल केले, परंतु एका अटीवर. मुलाच्या सुरक्षिततेचे आणि मानाचे लेखी वचन हवे. अ‍ॅलेक्सियसने ते तांबड्या अक्षरांत लिहून, सोन्याची मुद्रा लावून दिले. त्याप्रमाणे कॉन्स्टन्टाइन पुन्हा सहसम्राट झाला. किरमिजी जोडे परत मिळाले, मुकुट मिळाला. जयघोषात अ‍ॅलेक्सियसच्या मागोमाग त्याचे नाव घेतले जाऊ लागले. दानपत्रांवर व सनदांवर सम्राटाच्या खाली तो तांबड्या शाईने सही करू लागला. मायलेक मँगाना येथील प्रासादात राहावयास गेली; स्वतः आयझॅक त्यांना पोहोचविण्यास गेला.

इकडे पायांत जोडे चढत होते आणि तिकडे इटलीत याच मुलाच्या नावाने युद्धाची तयारी चालली होती. डूकास घराण्याचे राज्य गेल्यापासून सोयरीक मोडली होती. गिस्कारला निमित्त मिळाले. माझ्या मुलीचा व माझ्या व्याह्याचा अपमान झाला, असे म्हणत तो निघाला. मायकेल सम्राट म्हणवून घेणारा एक तोतया संन्यासी त्याने बरोबर घेतला होता. खरा मायकेल कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये जिवंत होता याची त्याला फिकीर नव्हती. ऑक्टोबर 1081 मध्ये अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरील डिर्रेकियम, म्हणजे आजच्या अल्बेनियातील ड्युरेस, येथे अ‍ॅलेक्सियसचा भयंकर पराभव झाला. हे युद्ध 1085 साली गिस्कार मरण पावला तेव्हाच शमले. या युद्धात किती माणसे कामास आली! आणि ज्याच्या लग्नाच्या निमित्ताने ती लढली, तो मुलगा त्या वेळी गुरुजींपुढे बसून धडे गिरवीत होता.

गुरुजीही सामान्य नव्हते. थिओफिलॅक्ट हे त्यांचे नाव. पुढे ते बल्गेरियातील ओक्रिदचे मुख्य धर्माध्यक्ष झाले. आपल्या या शिष्यासाठी त्यांनी राजशिक्षणावर एक प्रबंध रचला. त्यात शिष्याची व त्याच्या आईची स्तुती आहे आणि राज्यपद्धतींचे विवेचनही आहे. एकाचे राज्य, थोड्यांचे राज्य, बहुतांचे राज्य, ही प्रत्येक पद्धत बिघडली म्हणजे तिचे काय होते, खरा राजा कोण आणि जुलमी कोण, हे सारे त्यांनी मांडले. राज्य करण्याची विद्या कॉन्स्टन्टाइनला उत्तम रीतीने शिकविली जात होती. ती वापरण्याची संधी तेवढी यावयाची होती.

2 डिसेंबर 1083 रोजी अ‍ॅलेक्सियस व आयरीन यांना पहिले अपत्य झाले, ती मुलगी. तिचे नाव अ‍ॅना. पाळण्यातच तिची सोयरीक कॉन्स्टन्टाइनशी झाली. योजना सोपी होती. अ‍ॅलेक्सियसच्या मागे त्याचा जावई सम्राट होईल. डूकास आणि कॉम्नेनस ही दोन्ही घराणी एकत्र येतील आणि दिलेले वचनही पाळले जाईल. जयघोषांत कॉन्स्टन्टाइन आणि अ‍ॅना ही नावे जोडीने घुमू लागली. अ‍ॅना वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तिच्या भावी सासूच्या, म्हणजे मारियाच्या, देखरेखीखाली वाढली. आपल्याहून नऊ वर्षांनी मोठा असलेला हा देखणा मुलगा तिने बालपणी रोज पाहिला असेल.

आणि 13 सप्टेंबर 1087 रोजी अ‍ॅलेक्सियसला मुलगा झाला. त्याचे नाव जॉन.

श्रोतेहो, ज्या घरात मुलगा जन्मल्याचा आनंद झाला, त्याच घराच्या छायेत एका तेरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य त्या दिवशी बदलले. लगेच काही घडले नाही. अ‍ॅलेक्सियस घाई करणारा नव्हता. त्याचे आसन अजून डळमळीत होते आणि डूकास नावाची त्याला गरज होती. परंतु 1091 च्या एप्रिलात लेव्हुनियनच्या लढाईत त्याने पेचेनेग टोळ्यांचा पुरता मोड केला. राज्य स्थिर झाले. आता आधाराला दुसऱ्याचे नाव नको होते. 1092 साली चिमुकल्या जॉनला सहसम्राट म्हणून मुकुट घालण्यात आला. कॉन्स्टन्टाइनचा हक्क संपला. किरमिजी जोडे दुसऱ्यांदा उतरले. या वेळी तो चार वर्षांचा नव्हता, अठरा वर्षांचा होता. काय गेले हे कळण्याइतका मोठा.

तांबड्या अक्षरांतील वचन मोडले काय? अक्षरशः पाहिले तर होय. परंतु त्या काळच्या रूढीकडे पाहून दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. हक्क गेलेल्या राजपुत्राचे डोळे काढणे हा त्या दरबारात नित्याचा इलाज होता, कारण आंधळ्याला सम्राट होता येत नसे. कॉन्स्टन्टाइनचे डोळे शाबूत राहिले. त्याची मालमत्ता राहिली आणि सम्राटाचा लोभही राहिला. मुलाची 'सुरक्षितता आणि मान' असे मारियाने मागितले होते. मान गेला, सुरक्षितता अ‍ॅलेक्सियसने शेवटपर्यंत राखली. अर्धे वचन पाळणे ही थोर गोष्ट नव्हे. पण त्या काळी ते अर्धेसुद्धा दुर्मिळ होते.

यावर कोणी म्हणेल, तरुणाने बंड का केले नाही? त्याची संधी दोन वर्षांतच त्याच्या दारी चालत आली.

1094 साली अ‍ॅलेक्सियस मोहिमेवर निघाला असता मॅसिडोनियातील सेरेस येथे पोहोचला. जवळच पेन्टेगोस्टिस या ठिकाणी कॉन्स्टन्टाइनची जहागीर होती. पाणी गोड, जागा रम्य, पाहुण्यांना उतरण्यास प्रशस्त घरे. आपल्याला बाजूस सारणाऱ्या सम्राटाला या तरुणाने आग्रहाने घरी बोलाविले. एक दिवसाने सम्राट निघू लागला, तेव्हा प्रवासाचा शीण जाऊ द्यावा, स्नान करावे, आणखी थांबावे अशी त्याने विनंती केली. सम्राट राहिला.

सम्राटाच्या लवाजम्यात नायसेफोरस डायोजिनीस नावाचा एक सरदार होता. मांझिकर्टला कैद झालेल्या रोमानसचा हा मुलगा. त्याची आई युडोशिया ही पूर्वीच्या विवाहाने मायकेल सातव्याचीही आई. म्हणजे हा सरदार कॉन्स्टन्टाइनचा सावत्र चुलता. तोही किरमिजी दालनात जन्मलेला, त्याच्याही मस्तकी बालपणी मुकुट होता आणि त्याच्याही पायांतून किरमिजी जोडे काढून घेण्यात आले होते. ते काढणारा कोण? कॉन्स्टन्टाइनचाच बाप! एकच दुःख एकाच घराण्यात दोनदा घडले होते. पुतण्या ते गिळून राहिला. चुलत्याच्या मनात ते वीस वर्षे धुमसत होते.

डायोजिनीसने सम्राटाचा खून करण्याचा कट रचला होता. एका रात्री तो तलवार घेऊन सम्राटाच्या तंबूपर्यंत गेला होता. पण निजलेल्या सम्राटावर एक दासी वारा घालीत मच्छर उडवीत होती, तिला पाहून त्याचे हातपाय गळाले आणि तो परतला. पेन्टेगोस्टिस येथे सम्राट स्नान करून येत असता तो पुन्हा शस्त्र घेऊन आला. तेथेही टॅटिकियस या सेनानीने त्याला हटकले. आता आपण उघडे पडलो हे जाणून त्याने पळण्याचे ठरविले आणि कॉन्स्टन्टाइनकडे त्याचा घोडा मागितला. तो उमदा घोडा सम्राटाने त्याच दिवशी कॉन्स्टन्टाइनला भेट दिलेला होता. कॉन्स्टन्टाइनने नकार दिला. एवढ्या मोठ्या धन्याने दिलेली भेट तिच दिवशी दुसऱ्याच्या हवाली करणे मला शक्य नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

बस, एवढेच. कॉन्स्टन्टाइनच्या तोंडचे म्हणून इतिहासाने जपलेले हे जवळजवळ एकमेव उत्तर. मला ते फार बोलके वाटते. त्यात ना निष्ठेचे प्रदर्शन आहे, ना चुलत्याचा धिक्कार. घोडा देता येत नाही, एवढेच. परंतु तो घोडा दिला गेला असता तर त्या खोगिराबरोबर त्याचे नावही कटात बांधले गेले असते. विशेष म्हणजे, पकडलेल्या कागदांवरून खुद्द मारियालाही कटाची माहिती होती असे सम्राटाच्या ध्यानात आले. ज्या आईने मुलाच्या हक्कासाठी लोकनिंदा सोसली, तिच्या मनात अखेर काय पेटले असेल ते आपण समजू शकतो. अ‍ॅलेक्सियसने ती गोष्ट दाबून टाकली. कॉन्स्टन्टाइनवरच्या लोभाखातर, असे सांगतात. डायोजिनीसचे मात्र डोळे काढण्यात आले. त्याने पुढे जहागिरीत राहून दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि घनाकृती हातांनी चाचपून भूमितीचे अध्ययन केले. एका घराण्याचे दोन वारस. एकाने तलवार घेतली, एकाने घोडा नाकारला.

यानंतर कॉन्स्टन्टाइन फार दिवस जगला नाही. 1095 च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावरच, तो मरण पावला. 1097 मध्ये अ‍ॅनाचा विवाह नायसेफोरस ब्रायेनियस याच्याशी झाला. 1118 साली अ‍ॅलेक्सियस वारला आणि जॉन गादीवर बसला. अ‍ॅनाने भावाविरुद्ध कट केला असे परंपरेने सांगितले जाते. अलीकडील काही अभ्यासकांना त्याविषयी शंका आहे. एवढे खरे की तिचे उत्तरायुष्य आईने स्थापिलेल्या मठाच्या आश्रयात गेले, आणि तेथे साठीच्या आसपास तिने आपल्या पित्याचा इतिहास लिहिला. 'अ‍ॅलेक्सियड' या नावाने तो जगप्रसिद्ध आहे. मी आपणांस सांगितलेले जोड्यांचे, वचनपत्राचे व घोड्याचे प्रसंग तिच्याच लेखणीचे आहेत.

युद्धे, तह, पाखंडमतांचे वाद अशा थोर विषयांमधून चालता चालता ही विदुषी मध्येच थांबते आणि अर्धशतकापूर्वी वारलेल्या एका मुलाचे वर्णन करते. दुधासारखी कांती, गुलाबासारखे गाल, भुवयांखाली सोन्याच्या कोंदणातील रत्नांसारखे चमकणारे डोळे. त्याची आठवण होताच आपले मन व्याकूळ होते, विचार सुचेनासे होतात, असे सांगून ती अश्रू आवरते आणि पुन्हा आपल्या इतिहासाकडे वळते.

चिकित्सक वाचक म्हणेल, ही साक्ष निःपक्षपाती नाही. खरे आहे. जॉनच्या जन्माने जो मुकुट कॉन्स्टन्टाइनचा गेला, तोच अ‍ॅनाचाही गेला होता. त्या मुलासाठी रडताना ती स्वतःसाठीही रडत असेल. सेलॉस दरबारी होता, थिओफिलॅक्ट पगारी गुरू होते. या तिघांच्या स्तुतीतून स्वार्थ वजा केला तर शिल्लक काय उरते? एक राजपुत्र उरतो, ज्याच्या नावाने इतरांनी करार केले, युद्धे केली, लग्ने जुळविली आणि मोडली. आणि ज्याने स्वतः केलेली नोंदण्याजोगी कृती एकच, आपल्या दुःखाला दुसऱ्याच्या रक्ताचा मार्ग दिला नाही.

याचे मोल कळावयास पुढचा इतिहास पाहावा. अ‍ॅलेक्सियसचा पणतू, त्याच्याच नावाचा दुसरा अ‍ॅलेक्सियस, हाही बालवयात सहसम्राट झाला होता. 1183 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याच्याच एका आप्ताने धनुष्याच्या दोरीने त्याचा गळा आवळविला आणि प्रेत समुद्रात टाकविले. मुकुट त्याच्यापाशी शेवटच्या क्षणापर्यंत होता.

बुडापेस्टच्या त्या मुकुटावर आमचा बालसम्राट आजही प्रभावलयासह उभा आहे. तांबड्या अक्षरांतील त्याचे नाव पुसले गेलेले नाही. ते जोडे मात्र कोठेच उरलेले नाहीत. दोनदा पायांत चढले, दोनदा उतरले. पहिल्यांदा उतरविले ते आईच्या भयाने, दुसऱ्यांदा उतरविले ते सम्राटाच्या आज्ञेने. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, तिसऱ्यांदा ते मिळविण्याची वाट आपल्या अंगणात आली असता, या तरुणाने सम्राटाला स्नानासाठी आणखी एक दिवस थांबवून घेतले.